आवाजाच्या आधीचं काम

रेडिओत नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस पहिल्यांदा आवाजाबद्दल बोलतो. आवाज चांगला असणार, जपावा लागत असणार, देणगीच असते ती, वगैरे. त्यामागचा भाव चांगला असतो, म्हणून मी कधी वाद घातला नाही. आता निवृत्त झाले आहे आणि सवडीने लिहिते आहे, तर सरळ सांगते. या कामात आवाज लागतो तो अगदी शेवटी. त्याआधी कान तयार व्हावा लागतो, घड्याळ अंगात भिनावं लागतं, आणि मी लागले त्या काळात तर हातही तयार असावे लागायचे. माझ्याबरोबर लागलेल्यांपैकी सगळ्यात सुंदर आवाज ज्याचा होता, तो पहिली काही वर्षं काढून दुसऱ्या क्षेत्रात गेला. टिकले ते ऐकणारे.

हे स्वरचाचणीपासूनच दिसतं, फक्त तेव्हा ते कळत नाही. उमेदवार स्टुडिओत एकटा असतो. परीक्षक दुसऱ्या खोलीत बसून स्पीकरवर ऐकतात, म्हणजे त्यांना तुमचा चेहरा, कपडे, हातवारे यातलं काहीच दिसत नाही. हातात काही उतारे दिले जातात. एक बातमीचा, त्यात परदेशी नावं आणि मोठाले आकडे, एक ललित, एखादा नाट्यप्रवेश. मला वाटलं होतं उच्चार तपासतात. उच्चार तर तपासतातच, पण त्याहून जास्त लक्ष असतं ते वाचणाऱ्याला वाक्य कळलंय का याकडे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटीच येतो. ज्याने डोळा पुढे टाकलेला नाही, त्याचा आवाज वाक्य संपायच्या आत खाली बसतो आणि शेवटचा ‘नाही’ गिळला जातो. ‘धरणाला धोका नाही’ या बातमीतला ‘नाही’ गेला तर काय उरतं ते बघा. म्हणून आमच्या वरिष्ठ निवेदिका पहिल्या दिवसापासून एकच सांगायच्या, वाक्याची शेपटी पडू देऊ नका. पुढे मीही नव्या मुलांना शब्द न बदलता हेच सांगत आले.

कागदाचंही एक शास्त्र असतं. संहिता कागदाच्या एकाच बाजूला लिहिलेली, टाचणी न लावलेली, पानं सुटी. एका पानावरचं वाक्य दुसऱ्या पानावर जाऊ द्यायचं नाही, कारण पान बदलताना नकळत थांबलं जातं आणि तो थांबा चुकीच्या जागी पडतो. पान उलटायचं नाही, अलगद बाजूला सरकवायचं. मायक्रोफोनला कागदाची सळसळ माणसाच्या कुजबुजीपेक्षाही स्पष्ट ऐकू येते.

मायक्रोफोनसमोर बसायचं ते किंचित तिरकं. ख, थ, फ, भ या अक्षरांबरोबर तोंडातून हवेचा झोत बाहेर पडतो. तो थेट आदळला की ऐकणाऱ्याला धप्प असा आवाज येतो. दुसरी गोष्ट अंतराची. समोरचंच ऐकणाऱ्या बहुतेक मायक्रोफोनच्या फार जवळ गेलं की आवाजातला खर्ज वाढतो. नव्या निवेदकांना तो स्वतःचा भरदार झालेला आवाज फार आवडतो, आणि ते हळूहळू पुढे सरकत जातात. पण त्या खर्जात व्यंजनं बुडतात. छोट्या सेटवर, गाडीच्या घरघरीत किंवा शेजारी कुणी बोलत असताना ऐकणाऱ्याला खर्जाचा उपयोग शून्य असतो. त्याला शब्द हवे असतात.

या कामातलं घड्याळ म्हणजे काय, ते सकाळच्या सभेच्या, म्हणजे सकाळच्या प्रसारणाच्या ड्यूटीवर समजतं. प्रसारण सुरू व्हायच्या बऱ्याच आधी पोहोचायचं, रात्रीच्या माणसाने लॉगबुकात काय लिहून ठेवलंय ते वाचायचं, क्यूशीटवरचा, म्हणजे दिवसाच्या कार्यक्रमांच्या वेळवार यादीतला, एकेक कार्यक्रम हाताशी आहे का बघायचं, प्रत्येकाचा पहिला आणि शेवटचा शब्द तपासायचा. मग वेळेचं गणित. समजा सात वाजता बातम्या आहेत आणि त्याआधी वाजवायची धून २ मिनिटं ४० सेकंदांची आहे. ती बरोबर सातला संपायला हवी असेल तर ६ वाजून ५७ मिनिटं २० सेकंदांनी सुरू करायची, पण फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी, खाली ठेवून. म्हणजे ती वाजत असते, कुणाला ऐकू येत नसते. तुमचं बोलणं संपलं की फेडर वर घ्यायचा. श्रोत्याला वाटतं धून आत्ता सुरू झाली, आणि ती बातम्यांच्या तोंडाशी आपसूक संपते. याला आम्ही बॅकटाइमिंग म्हणायचो. साठाच्या हिशेबातली ही वजाबाकी इतकी अंगवळणी पडली की मला आजही पंचवीस सेकंद म्हणजे किती हे घड्याळ न बघता समजतं.

मायक्रोफोन उघडला की स्टुडिओतला स्पीकर आपोआप बंद होतो, नाहीतर तोच आवाज पुन्हा आत शिरून किंचाळी उठेल. त्यामुळे बोलताना सोबतीला फक्त हेडफोन, लाल दिवा आणि सेकंदकाटा. पलीकडे इंजिनिअर असतो, त्याच्या बोटांच्या खुणा असतात. काहीही झालं तरी हवेत शांतता पडू द्यायची नाही. चार-पाच सेकंदांची रिकामी जागासुद्धा श्रोत्याला केंद्र बंद पडल्यासारखी वाटते आणि हात बटणाकडे जातो. म्हणून प्रत्येक केंद्रात फिलर, म्हणजे रिकामी वेळ भरायला तयार ठेवलेलं मुद्रण, हाताशी असतात. कुठलीही दूरची लाइन तुटली की फेडर खाली, दोन वाक्यांची उद्घोषणा, फिलर सुरू. हे सगळं एका श्वासात करायचं आणि आवाजात त्याचा मागमूस येऊ द्यायचा नाही.

वेळ सांगणाऱ्या ठोक्यांबद्दल मला पहिल्यापासून प्रेम आहे. बीबीसीने ग्रीनिच वेधशाळेच्या वेळेचे सहा ठोके ५ फेब्रुवारी १९२४ रोजी पहिल्यांदा प्रसारित केले. शेवटचा ठोका लांब असतो, आणि तो सुरू होतो त्या क्षणाला तास भरतो. अशा ठोक्यांवर लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मनगटी घड्याळं लावली. आता डिजिटल रिसीव्हरवर किंवा इंटरनेटवर ऐकताना आवाज आधी आवळला जातो, पाठवला जातो, मग उलगडला जातो. त्यात काही सेकंद जातात. एकाच घरात जुना रेडिओ आणि फोन शेजारी ठेवले तर एकच ठोका दोनदा ऐकू येतो. आवाज स्वच्छ झाला हे खरं, पण ‘आत्ता’ थोडा मागे सरकला. मला त्याची हळहळ वाटते आणि ती मी लपवत नाही.

नभोनाट्याबद्दल थोडंच लिहिते, कारण त्यावर वेगळं लिहावं लागेल. रिबन मायक्रोफोन समोरून आणि मागून ऐकतो, डाव्या-उजव्या बाजूंना मात्र तो जवळजवळ बहिरा असतो. त्यामुळे दोन नट समोरासमोर उभे राहून एकाच मायक्रोफोनवर बोलू शकतात, आणि ‘निघून जायचं’ असेल तर नट खोलीबाहेर न जाता बोलता बोलता बाजूला दोन पावलं सरकतो. ऐकणाऱ्याला तो दूर गेलेला दिसतो. होय, दिसतो. गवतातून चालण्याचा आवाज आम्ही टाकाऊ टेपचा गुंता पायाखाली तुडवून काढायचो.

खरं शिक्षण झालं ते टेप कापताना.

चुंबकीय टेप हे तंत्र जर्मनीत वाढलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर बाहेर पसरलं. अमेरिकेत गायक बिंग क्रॉस्बीने १९४७ मध्ये आपला कार्यक्रम टेपवर मुद्रित करून प्रसारित करायला सुरुवात केली, आणि तिथून रेडिओचं काम बदललं. बोललेलं कापता येऊ लागलं. मी आले तेव्हा ही कला पिकलेली होती. आमची टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने धावायची. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा श्वास हा हातात धरता येणारा साडेनऊ सेंटिमीटरचा तपकिरी तुकडा असायचा. स्पूल, म्हणजे टेप गुंडाळलेली चकती, दोन्ही हातांनी पुढेमागे हलवायचा. आवाज संथ होत गुरगुरू लागतो, आणि त्या गुरगुरीत शब्दाची सुरुवात शोधायची. सापडली की पांढऱ्या मेणाच्या पेन्सिलीने खूण, टेप खाचेत बसवायची, ब्लेडने तिरका छेद. तिरका अशासाठी की एक आवाज संपून दुसरा लागताना टक्‌ असं वाजू नये. मग पाठीमागून चिकटपट्टी, नखाने दाबून घ्यायची. काढलेले तुकडे टाकायचे नाहीत, गळ्यात अडकवून ठेवायचे. कुठला कधी परत लागेल सांगता येत नाही.

क, ट, प या अक्षरांच्या आधी सूक्ष्म शांतता असते, तिथे छेद बेमालूम बसतो. स आणि श लांब असतात, त्यांच्या मधोमधही कापता येतं. पण दोन स्वर एकमेकांत वाहत असतील तर तिथे ब्लेड लावायचं नाही, वाक्यच सोडून द्यायचं. कापल्यावर दोन श्वास शेजारी शेजारी आले तर एक काढायचा. आणि श्वास सगळे काढायचे नाहीत, कारण श्वास नसलेला माणूस ऐकताना ऐकणाऱ्याचाच जीव गुदमरतो.

इथे मला माणसं कळायला लागली. एकेक वाक्य इतक्या वेळा ऐकावं लागतं की बोलणारा कुठे आठवतोय, कुठे पाठ केलेलं म्हणतोय, कुठे टाळतोय हे शब्दांच्या आधी श्वासावरून ओळखू येतं. तोतरं बोलणाऱ्या एका वृद्ध शिक्षकांची मुलाखत मी संपादित केली होती. त्यांचं अडखळणं दोन प्रकारचं होतं. काही ठिकाणी जीभ अडत होती, आणि काही ठिकाणी ते खरोखर शब्द शोधत होते. पहिल्या प्रकारचं मी बरंचसं काढलं, दुसऱ्या प्रकाराला हात लावला नाही. प्रसारणाआधी त्यांना बोलावून ऐकवलं. ते म्हणाले, हा मीच आहे. संपादनाची याहून कडक परीक्षा मला माहीत नाही. वाक्याचा पुढचा अर्धा भाग कापून माणसाच्या तोंडी भलताच अर्थ घालणं ब्लेडनेही शक्य होतं, आता तर माऊसच्या एका टिचकीचं काम आहे. ते करायचं नाही, एवढं ज्याला पक्कं समजलं त्याच्याच हाती हे काम द्यावं, असं माझं ठाम मत आहे.

रेकॉर्डिंग संपल्यावर पाहुण्याला विनंती करायची, अजून एक मिनिट शांत बसा. त्या मिनिटात रिकाम्या खोलीचा आवाज मुद्रित करून घ्यायचा. प्रत्येक खोलीला स्वतःची शांतता असते. कुठे पंख्याची भुणभुण, कुठे लांबचा रस्ता, कुठे नुसत्या भिंती. संपादनात कुठे श्वासभर जागा हवी असेल तर तिथे कोरी टेप लावली की भोक पडल्यासारखं वाटतं. त्याच खोलीची शांतता लावली की कुणाला काही कळत नाही. नव्या लोकांना हे मिनिट वाया घालवल्यासारखं वाटतं. मी त्याबाबत कधीच सूट दिली नाही.

मुलाखत घेताना हुंकार द्यायचा नाही, ही सवय सगळ्यात अवघड. आपल्याकडे ऐकतोय हे दाखवायला माणूस ‘हं, हं’ करत राहतो, नाहीतर ते उद्धट दिसतं. पण तो हुंकार समोरच्याच्या शब्दांवर चढतो आणि नंतर वेगळा काढता येत नाही. म्हणून मान डोलवायची, डोळ्यांनी बोलायचं. आणि उत्तर संपलं की लगेच दुसरा प्रश्न विचारायचा नाही. दोन-तीन सेकंद थांबायचं. पहिलं उत्तर बहुधा तयार असतं. त्या थांबलेल्या क्षणानंतर माणूस जे बोलतो, ते तो पहिल्यांदाच बोलत असतो. उपग्रहावरून दूरच्या पाहुण्याशी बोलताना हे थांबणं आपोआप घडायचं. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, आवाजाला तिथे जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, परतीला आणखी पाव. अननुभवी मुलाखतकार त्या अर्ध्या सेकंदाने बिथरून मध्येच बोलायचा. ज्याला थांबायची सवय होती, त्याला काहीच जाणवायचं नाही.

फोनवरच्या थेट कार्यक्रमांनी कानाला वेगळं वळण लावलं. टेलिफोनची जुनी लाइन साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज पुढे सोडायची. स, श, फ यांचं निराळेपण बरंचसं त्याच्या वर असतं. म्हणून फोनवर आडनावं चुकतात आणि नाव दोनदा विचारून घ्यावं लागतं. ‘आधी तुमच्या रेडिओचा आवाज बंद करा’ हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल देव जाणे. या कार्यक्रमांमध्येच मला कळलं की बरेच लोक प्रश्न विचारायला फोन करत नाहीत. त्यांना कुणीतरी पूर्ण वाक्य बोलू द्यावं, इतकंच हवं असतं.

मध्यम लहरींवर काम करणाऱ्याला रात्र वेगळी असते. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी आणखी वरच्या थरावर आदळून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. त्यामुळे आमच्या रात्रीच्या कार्यक्रमांना अशा ठिकाणांहून पत्रं यायची, जिथे दिवसा आमचं केंद्र लागतही नसे. मला रात्रपाळी आवडायची. त्या वेळी ऐकणारा बहुतेक एकटा असतो, जागा असतो आणि जागं राहायला त्याच्याकडे काहीतरी कारण असतं. पहारा, आजारपण, अभ्यास, काळजी. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ मधला, आणि खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ १९५४ मध्ये बाजारात आला. त्याआधी सेट घराच्या मधोमध असायचा आणि निवेदक सभेला उद्देशून बोलावं तसं बोलायचे. सेट उशाशी आला तशी बोलण्याची पट्टी खाली आली. मी आले तेव्हा हा बदल होऊन गेला होता, पण जुने निवेदक अजून काम करत होते. दोन्ही पद्धती शेजारी शेजारी ऐकायला मिळाल्या हे माझं भाग्य.

संगणक आला आणि ब्लेड गेलं. त्याबद्दल मला तक्रार नाही. केलेलं काम परत पुसता येणं ही फार मोठी सोय आहे. एक मात्र झालं. आवाज पडद्यावर दिसू लागला, आणि लोक डोळ्यांनी संपादन करू लागले. पडद्यावर जिथे रेघ सपाट, तिथे काप. त्यात बोलणाऱ्याचा थांबाही जातो, आणि कित्येकदा तो थांबाच उत्तर असतो. शिकवताना मी मुलांना पडदा बंद करायला लावायचे. डोळे मिटून ऐका, कुठे कापायचं ते बोटाने टेबलावर वाजवून दाखवा, मग पडदा लावा. आठवडाभर ती वैतागायची आणि नंतर स्वतःहून पडदा बंद करायची.

बढत्या मिळाल्या, खुर्च्या बदलल्या, बैठका वाढल्या. त्यातलं सांगण्यासारखं काही नाही. निवृत्तीच्या सुमारास जुन्या स्पूलांचं डिजिटल रूपांतर करण्याचं काम हाती आलं, आणि मी ते अजूनही सवडीने करते. टेप महाग असायची, म्हणून कितीतरी मुद्रणं पुसून त्यांवर नवी केली गेली. जगभरातल्या केंद्रांत हे झालं आहे. उरलेल्यांची अवस्था नाना प्रकारची. काही टेपचा चिकटद्रव हवेतली ओल शोषून घेतो, आणि वाजवायला लावली की टेप यंत्राला चिकटते, भुकटी सुटते. अशी टेप आधी सुमारे ५० अंश उष्णतेत काही तास ठेवून सुकवावी लागते, मग थोडे दिवस ती वाजते. गुंडाळलेल्या टेपच्या एका वेटोळ्याचा आवाज शेजारच्या वेटोळ्यावर पुसटसा उमटतो, त्यामुळे शांततेत पुढचा शब्द आधीच भुतासारखा ऐकू येतो. जाणती माणसं म्हणून टेप उलटी गुंडाळून ठेवत, शेवट बाहेर. मग तो पुसट आवाज शब्दाच्या नंतर येतो आणि जाणवत नाही. कुणाच्या घरी असे स्पूल असतील तर लगेच यंत्रावर चढवू नका, आधी जाणकाराला दाखवा. आणि पेटीवर बोलणाऱ्याचं नाव, साल आणि विषय आजच लिहा.

हे लिहिण्याचं कारण एक पेटी आहे. तिच्यावर फक्त ‘मुलाखत, भाग दुसरा’ एवढंच होतं. एक बाई आपल्या शिकण्याबद्दल बोलत होत्या, शाळेत जायला घरून कसा विरोध झाला, दिवा विझल्यावर कसं वाचलं. आवाज अनोळखी. मुलाखतकार दोन-तीन ठिकाणीच बोलतो, तेही तुटक. मी ती टेप एका निवृत्त सहकाऱ्याला ऐकवली. त्याने डोळे मिटले, आणि एका उत्तरानंतरचा लांबलचक थांबा ऐकून मुलाखतकाराचं नाव सांगितलं. इतका वेळ थांबणारा तो एकटाच होता, म्हणाला. त्या नावावरून जुन्या नोंदवह्या चाळल्या, साल मिळालं, मग त्या बाईंचं नाव मिळालं. नात सापडली, तिने आजीचा तरुण आवाज कधी ऐकलाच नव्हता. तिला प्रत दिली आहे. पहिला भाग अजून मिळालेला नाही. तळघरातल्या दोन कपाटांची यादी व्हायची बाकी आहे, तिथे बघणार आहे.